टाकीवर ऊन आलं का?

लांजेवार काका गेले तेव्हा मी त्यांच्या उशाशी होते. डॉक्टरांनी मान हलवली, माझा नवरा तोंड फिरवून रडायला लागला, आणि मी उठून खुंटीवरच्या पिशवीतलं पंचांग काढलं. मार्गशीर्ष शुद्ध सप्तमी. अजून सुटलेली नव्हती. दोनदा पाहून खात्री केली, नितीनला, म्हणजे त्यांच्या मुलाला, पुण्याला फोन लावला, आणि वडील गेल्याचं सांगताना त्याच दमात तिथीही सांगून टाकली. मग मी रडले.

माझा पंचांगावर विश्वास नाही, आधीच सांगून ठेवते. राहुकाळात मी गाडी घेतली, अमावस्येला नोकरीवर रुजू झाले, आणि माझं काही वाकडं झालं नाही. पण या एका माणसाच्या तिथीत गफलत झालेली मला चालणार नव्हती. का, ते त्यांना ओळखणाऱ्यांना सांगावं लागत नाही. बाकीच्यांसाठी लिहून राहिले.

आम्ही नागपूरच्या कडेला बेसाला राहायला गेलो तेव्हा तिथे रस्ता कमी आणि माती जास्त होती. आमच्या खालच्या मजल्यावर लांजेवार काका आणि सुमनकाकू. काका खापरखेड्याच्या कोळशावरच्या वीज केंद्रात कंट्रोल रूममध्ये होते, तिथूनच निवृत्त झाले. जन्मभर राखेच्या गावात राहिल्यामुळे असेल, कुठेही बसायच्या आधी ते खुर्चीवरून हात फिरवायचे, मग बोटं पाहायचे, आणि मगच बसायचे. आमच्या घरी आले की माझ्या सासूबाईंना हा आपल्या स्वच्छतेचा अपमान वाटायचा.

त्यांची पहिली ओळख झाली ती संकष्टीला. सासूबाई उपाशी, मोदक झाकून ठेवलेले, आणि त्या कॅलेंडरसमोर घड्याळ पाहत बसलेल्या. काका काहीतरी विचारायला वर आले होते. म्हणाले, "वहिनी, काहून बसल्या अशा? जेवल्या नाही?"

"चंद्र निघायचाय अजून."

"चंद्र? चंद्र केव्हाचा निघाला. गच्चीवर पाहून आलो मी."

सासूबाईंनी कॅलेंडर पुढे केलं. काकांनी ते डोळ्यांजवळ नेलं, लांब धरलं आणि हसले. "ही वेळ मुंबईची आहे नं वहिनी. खाली बारीक अक्षरात नागपूर लिहिलं आहे, ते पाहा. आपण उगवतीकडचे. आपला चंद्र अर्धा तास आधी येते. तुम्ही मुंबईच्या चंद्रासाठी उपाशी बसून राहिल्या."

सासूबाई कितीतरी वर्षांपासून चष्मा न लावता पहिलीच ओळ वाचत आल्या होत्या, आणि पहिली ओळ मुंबईची. दर महिन्याला अर्धा तास जास्तीची भूक. मी इतकी हसले की सासूबाई दोन दिवस माझ्याशी धड बोलल्या नाहीत. त्या दिवसापासून आमच्या बिल्डिंगचे सगळे उपास काकांच्या ताब्यात गेले.

काका काही भटजी नव्हते. शेतकऱ्याच्या घरातले. त्यांचे वडील पेरणीसाठी नक्षत्रं पाहायचे, त्यांच्या मांडीवर बसून हे शिकले. पण त्यांच्या तोंडी पंचांगाची भाषा नव्हती, कंट्रोल रूमची होती. मी एकदा खोचकपणे विचारलं, "काका, एकादशी सकाळी लागते, दुपारी लागते, मधेच सुटते. बाकी जगासारखी रात्री बारा वाजता का नाही बदलत?"

"तुझी तारीख सरकारी नोकर आहे," काका म्हणाले. "बारा वाजले का घरी. तिथी शिफ्टवाली आहे वं. चंद्र सूर्यापासून एवढा पुढे सरकला का एक तिथी झाली. तो कधी भरभर चालते, कधी रेंगाळते. म्हणून एकीची शिफ्ट लांबते, एकीची लवकर सुटते. अन् सकाळी सूर्य निघते तेव्हा जी चार्जवर असते नं, तो दिवस तिचा. हजेरी सूर्य घेते. समजलं?"

मला शाळेत कोणी इतकं सोपं करून सांगितलं नव्हतं. मी अर्थात कबूल केलं नाही. म्हटलं, "आणि एखादी तिथी सूर्य निघाल्यावर आली आणि दुसऱ्या सूर्याच्या आधीच गेली तर?"

"तर तिची हजेरी नाही लागत. ड्यूटी केली, पण कोणी पाहिलं नाही. असेही लोकं असतातच."

"शिफ्ट" आणि "चार्ज" हे त्यांचे दोन शब्द. पुढच्या पाळीचा रिलीव्हर आल्याशिवाय जागा सोडायची नसते, हा त्यांचा एकमेव धर्म. तो त्यांनी खापरखेड्यात पाळला आणि घरातही. घरात म्हणजे सुमनकाकूंच्या बाबतीत.

काकू दर पंधरवड्याची एकादशी करायच्या. करायच्या म्हणजे कडक, पाण्याशिवाय काही नाही. काका स्वतः करत नसत. "मी शिफ्टवाला माणूस, मले नाही झेपत," असं म्हणून ते तिच्यासमोर बसून पोहे खायचे, आणि ती हसत हसत वाढायची. पण द्वादशीच्या सकाळी उपास सोडायचा तो काकांनी सांगितल्यावरच. काका गच्चीवर जाऊन सूर्य पाहायचे आणि वरूनच हाक मारायचे, "सुमन, निघाला. सोड आता." काकूंचा चहा तयार असायचा, बशीत दोन बिस्किटं. हाक आल्याशिवाय त्या कपाला हात लावत नसत. खापरखेड्याला असताना काका ड्यूटीवर असले तर शेजाऱ्यांकडे फोन करून निरोप द्यायचे. लग्न झाल्यापासून एकही द्वादशी चुकली नाही, असं काकू मला अभिमानानं सांगायच्या.

"काकू, तुम्हाला खिडकीतून दिसत नाही का सूर्य?" मी विचारलं होतं.

"दिसते नं. पण मीच पाहिला तर ते काय करतील सकाळी उठून?" काकू म्हणाल्या.

पुढे आमच्या पूर्वेला एक उंच टॉवर झाला. काकांचा सूर्य अडला. त्या दिवशी ते इतके चिडले की मला वाटलं बिल्डरवर केस करतात. "माझा सूर्योदय पुढे ढकलला भाऊ यानं," असं येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होते. मग त्यांनीच तोड काढली. आमच्या पश्चिमेला एका जुन्या इमारतीवर उंच पाण्याची टाकी होती. टॉवरच्या बाजूच्या फटीतून पहिलं ऊन त्या टाकीवर पडायचं. काकू खालून विचारायच्या, "टाकीवर आलं का ऊन?" काका वरून म्हणायचे, "आलं. सोड आता." पंधरा दिवसांतून एकदा अख्ख्या बिल्डिंगला जाग यायची ती या संवादानं. वरच्या मजल्यावरच्या एका तरुण जोडप्यानं तक्रार केली होती. काकांनी त्यांना घरी बोलावून चहा पाजला आणि हाक मारणं चालू ठेवलं.

मुहूर्त विचारायला माणसं यायची. बेसात नवीन घरं होत होती, त्यामुळे वास्तू, लग्न, दुकानाचं उद्‌घाटन, सारखी रांग. काका पंचांग उघडायचे, चष्मा कपाळावर चढवायचे आणि आधी विचारायचे, "तुम्हाले कधी जमते?" ज्याला रविवार सोयीचा त्याला रविवार मिळायचा. मी हे पाहून घेतलं होतं. पण तिथी विचारली की मात्र हा माणूस बदलायचा. तिथीत कोणाची सोय नाही. एकानं वडिलांचं श्राद्ध सुट्टीच्या दिवशी ढकलून द्या म्हटलं तर काकांनी त्याला दारातूनच परत पाठवलं. म्हणाले, "मुहूर्त माणसासाठी असते, तिथी चंद्राची आहे. ती माझी नाही, तुझी पण नाही."

एकदाच त्यांनी तिथीत लबाडी केली. मी साक्षीदार आहे.

आमच्या शेजारच्या गल्लीतल्या वंदनाबाईंच्या नवऱ्याचं हृदयाचं ऑपरेशन ठरलं होतं. डॉक्टरांनी दिलेला दिवस नेमका अमावस्येचा. बाई घाबरून काकांकडे आल्या. ऑपरेशन पुढे ढकलायचं का, एवढंच विचारत होत्या. काकांनी पंचांग उघडलं, बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, "अमावस्या कोण सांगितली तुम्हाले?"

"कॅलेंडरमध्ये आहे नं."

"ते कॅलेंडर मुंबईचं आहे बाई. आपल्याकडे पहाटेच सुटून राहिली. नागपुरात तो दिवस प्रतिपदेचा. बिनधास्त करा."

बाईंचा चेहरा असा खुलला की विचारू नका. त्या गेल्यावर मी पंचांग ओढलं. एव्हाना मलाही थोडं वाचता यायला लागलं होतं. अमावस्या संध्याकाळपर्यंत ठाण मांडून बसलेली होती. नागपूरला नाही, कुठल्याच गावाला ती पहाटे सुटत नव्हती.

"काका?"

"गप वं," काका म्हणाले. "तिनं ढकललं असतं अन् काही झालं असतं तर? चंद्राले काय फरक पडते, तो नाही रागावत."

वंदनाबाईंचा नवरा अजून खुटखुटीत आहे. सकाळी फिरायला निघतो आणि मला नमस्कार करतो. मला दर वेळी काकांचं ते "गप वं" आठवतं.

मग कोरोनाचं ते दुसरं वर्ष आलं. नागपूरच्या माणसाला त्या चैत्राबद्दल काही सांगायला नको. बिल्डिंगमध्ये घरटी कोणीतरी पडलं होतं. काका-काकू दोघांनाही ताप आला. काका निभावले, काकूंचा श्वास अडायला लागला आणि दशमीला त्यांना दवाखान्यात न्यावं लागलं. सोबत कोणाला जाऊ देत नव्हते. काका तापातच फाटकापर्यंत चालत आले. काकूंच्या पिशवीत त्यांनी फोन घातला, चार्जर घालायचा राहिला.

एकादशीच्या संध्याकाळी काकूंचा फोन आला. आवाज खोल गेलेला. त्यांनी विचारलं, "आज एकादशीच आहे नं?" काका म्हणाले, "अवं, दवाखान्यात कसला उपास करतेस, खाऊन घे काही." काकू म्हणाल्या, "उद्या खाईन. तुम्ही सांगान नं सकाळी?" काका म्हणाले, "सांगतो. फोन करतो, मग सोड." हे बोलणं त्यांनी नंतर मला किती वेळा सांगितलं, त्याचा हिशेब नाही.

सकाळी काका गच्चीवर गेले. आमची बिल्डिंग काटकोनात वळलेली, समोरच्या अंगाची गच्ची मला ओट्याजवळच्या खिडकीतून दिसते; तिथूनच मी पाहत होते. अंगात शाल, हातात फोन, तोंड टाकीकडे. ऊन आलं तसा त्यांनी फोन लावला. फोन बंद. परत लावला. परत बंद. बॅटरी संपली होती, हे आम्हाला नंतर कळलं. ते लावत राहिले, आणि तसेच गच्चीवर असताना दवाखान्याचा फोन आला.

नक्की कधी गेल्या ते कोणालाच सांगता आलं नाही. डॉक्टर फेरीला आले तेव्हा गेलेल्या होत्या, एवढंच. त्या दिवसांत एकेका वॉर्डात इतकी माणसं होती की कोणाला दोष देणार? पण काकांचं सगळं तिथेच अडकलं. कारण त्या दिवशी एकादशी पहाटे, सूर्य निघायच्या जरा आधी सुटत होती. काकू त्याच्या आधी गेल्या असतील तर एकादशी. नंतर गेल्या असतील तर द्वादशी. गावभर ज्यानं तिथी सांगितल्या त्याला आपल्याच बायकोची तिथी माहीत नव्हती.

सगळ्यांनी समजावलं. एकादशीचं मरण म्हणजे थेट वैकुंठ, काकूंसारख्या बाईला तेच मिळालं असणार, एकादशीच धरा. नितीन म्हणाला, "बाबा, एकादशी म्हणा ना. आईलाही आवडलं असतं." एका गुरुजींनी सांगितलं, सवाष्ण गेल्या आहेत, पितृपक्षात अविधवा नवमीला करा, प्रश्नच मिटला. काका त्यांना म्हणाले, "नवमी साऱ्याच सवाष्णींची आहे महाराज. मले माझ्या एकीची पाहिजे."

मीही बोललेच. म्हटलं, "काका, धरा ना एकादशी. काय फरक पडतो?"

ते माझ्याकडे पाहत राहिले. म्हणाले, "वंदनाबाईले मी जे केलं, तेच तू मले करून राहिली. मले नको करू."

मग तेच हळूच बोलले. "तुम्हाले सर्वांले वाटते मी तिथीसाठी अडलो. वैकुंठाचं मी काय करू माधुरी? एकादशीले गेली असेल तर उपाशी गेली. माझा फोन येईन म्हणून वाट पाहत उपाशी गेली. मले एवढंच माहीत करायचं आहे का ती जेवली का नाही."

त्यानंतर मी त्यांना कधीच समजावलं नाही.

पहिल्या वर्षी चैत्र वद्यात त्यांनी दोन्ही दिवस ताट केलं. एकादशीला भगर आणि दाण्याची आमटी, कारण त्या दिवशी भात वाढला तर काकू खाणार नाहीत. द्वादशीला वरणभात, आंब्याचा रस, वडे, सगळं. दोन्ही दिवस स्वतः स्वयंपाक केला, मला हात लावू दिला नाही. दोन्ही ताटं गच्चीच्या कठड्यावर ठेवली आणि उन्हात उभे राहिले. कावळे दोन्ही दिवस आले. "यायचं तर एकाच दिवशी यायचं नं," काका कावळ्यांवरच चिडले. "कावळ्याले काय, त्याले कोणताही दिवस चालते."

दुसऱ्या वर्षीही तेच. द्वादशीची हाक मात्र काकू गेल्या त्या दिवसापासून बंद झाली होती. काका गच्चीवर जायचे, टाकीकडे पाहायचे आणि मुकाट्यानं खाली यायचे. वरच्या मजल्यावरच्या त्या तरुण जोडप्यातली मुलगी मला एकदा जिन्यात म्हणाली, "आंटी, अंकलची हाक नाही येत आता. मला गजर लावावा लागतो." आणि तिचे डोळे भरले.

मुहूर्त विचारायला माणसं येतच होती. काका मुहूर्त काढून द्यायचे आणि मग प्रत्येकाला विचारायचे, त्या चैत्रात त्या दवाखान्यात तुमच्या ओळखीचं कोणी कामाला होतं का. नर्स, आया, सफाईवाले, कोणीही. बहुतेक लोक कंत्राटावरचे, लाट ओसरल्यावर पांगलेले. कोणी छिंदवाड्याकडे गेलं, कोणी दुसऱ्या कामाला लागलं. एकदोघं भेटलेही, पण त्यांचा वॉर्ड वेगळा. मला वाटायचं, नका विचारू काका, सापडलं तर काय ऐकावं लागेल कोणास ठाऊक. पण बोलले नाही. पोरीचं लग्न ठरवून हसत आलेली माणसं त्यांच्या त्या प्रश्नानं एकदम गंभीर होऊन जायची.

आणि तिसरं वर्ष सरता सरता कळमेश्वरहून एक जोडपं आलं. मुलीच्या लग्नाची तारीख काढायला. जाताना काकांनी विचारलं, तशी बाई म्हणाली, "आमच्या घरामागं पुष्पाबाई राहते, ती होती तिथं आया. रात्रपाळीले."

दुसऱ्याच दिवशी मी सुट्टी टाकली आणि काकांना गाडीत घालून कळमेश्वरला नेलं. गाडीत बसायच्या आधी ते सीटवरून हात फिरवायला विसरले.

पुष्पाबाई पन्नाशीच्या, बारीक, एमआयडीसीत एका कारखान्यात कँटीनला कामाला लागलेल्या. काकांनी फोनमधला काकूंचा फोटो दाखवला. त्यांनी तो घेतला, उजेडाकडे धरला, आणि मान हलवली.

"नाही सांगता येत काका. तोंडाले मास्क, त्याच्यावर ऑक्सिजनचं. साऱ्या आज्या एकसारख्याच दिसत होत्या. मले माफ करा."

काका म्हणाले, "नाही वं बाई, तुमचा काय दोष." त्यांनी फोन खिशात ठेवला. उठले. दाराशी चपला घालताना स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले, "एकादशी होती तिची. उपाशी होती."

पुष्पाबाई एकदम म्हणाल्या, "सूर्यवाल्या आजी?"

काका तिथेच थांबले. एक चप्पल पायात, एक बाहेर.

"एक आजी होत्या," पुष्पाबाई म्हणाल्या. "आदल्या दिवशी काहीच खाल्लं नाही त्यांनी. मी रागावली पण, का आजी अशानं कसं होईन. तर म्हणे, उद्या. पहाटपासून मले विचारून राहिल्या, सूर्य निघाला का, सूर्य निघाला का. मले वाटलं भ्रम झाला. आमच्या खिडकीतून सूर्य दिसत नव्हता, मागची भिंत दिसे फक्त. मी म्हटलं, आजी, नाही दिसत इथून. तर म्हणे, पाण्याची टाकी आहे का कुठं? मी पाहिलं, होती समोरच्या बिल्डिंगवर. मग थोड्या वेळानं परत म्हणे, टाकीवर ऊन आलं का? मी म्हटलं, हो, आलं आजी."

काकांनी भिंतीला हात टेकला. मी त्यांच्या मागे जाऊन उभी राहिले.

"मग म्हणे, दरवेळी घरचे सांगते मले, सोड म्हणून. आज ते नाहीत, तूच सांग वं बाई. मले काही समजलं नाही काय सोडायचं. पण मी म्हटलं, सोडा आजी, सोडा आता. तशा हसल्या. माझी ड्यूटी सुटत होती, चहा आला होता. मी मास्क जरा बाजूले केला अन् पाजला. बिस्कीट पण बुडवून दिलं थोडं. मग मी घरी गेली. संध्याकाळी आली तर खाटेवर दुसरंच कोणी होतं."

मागे कुकरची शिटी झाली आणि पुष्पाबाईंची मुलगी आत गेली.

काकांनी विचारलं, "चहा गोड होता का?"

"दवाखान्याचा चहा, गोडच राहते काका."

"तिले शुगर होती. मी घरी देत नव्हतो गोड," काका म्हणाले. "बरं झालं. गोड होता ते बरं झालं."

आणि मग हा माणूस, ज्याला काकूंच्या जाण्याच्या दिवशीही मी रडताना पाहिलं नव्हतं, परक्या बाईच्या दारात एका पायात चप्पल घालून ढसाढसा रडला. पुष्पाबाईंनी त्यांना खुर्ची दिली. निघताना काकांनी त्यांच्यापुढे हात जोडले. "माझी शिफ्ट होती ती," ते म्हणाले. "तुम्ही सांभाळली."

परतताना कळमेश्वरचा रस्ता मागे पडल्यावर ते बोलले. "द्वादशी," एवढंच. मग बऱ्याच वेळानं, "वैकुंठ गेलं तिचं, लोकं म्हणतीन. जाऊ दे. पोटात चहा होता." मी गाडी चालवत होते आणि मला समोरचं नीट दिसत नव्हतं, म्हणून बाजूला घेऊन थांबले. काका म्हणाले, "काहून थांबली? चाल नं." मग त्यांनाच समजलं, आणि ते खिडकीबाहेर पाहत बसले.

आजारपणात मी त्यांना नंतर पुष्कळ पाहिलं, उशाशी बसले, शेवटही पाहिला. पण लांजेवार काका म्हटलं की मला तो काळ आठवत नाही. आठवते ती त्या वर्षीची चैत्र वद्य द्वादशी.

आदल्या दिवशी त्यांनी ताट केलं नाही. एकच ताट, ते द्वादशीला. पण ते दुपारचं. सकाळी मी ओट्याशी चहा करत होते. खिडकीतून आमच्या गच्चीचा कठडा अर्धा दिसतो. काका आले. पांढरा सदरा, अंघोळ झालेली. एका हातात कप, दुसऱ्या हातात बशी, बशीत दोन बिस्किटं. कठड्यावर हात फिरवला, बोटं पाहिली, मग कप ठेवला, बशी ठेवली. आणि टाकीकडे तोंड करून उभे राहिले. टाकी अजून काळपटच होती. कपातून वाफ निघत होती. मला वाटलं, चहा थंड होतोय, काका. पण ते हलले नाहीत. घाई करणारा तो माणूसच नव्हता.

मग टाकीच्या वरच्या कडेला पिवळी रेघ आली आणि खाली उतरायला लागली.

काकांनी गळा साफ केला. तीन वर्षांत हाक मारली नव्हती, पहिल्यांदा आवाज फुटलाच नाही. दुसऱ्यांदा निघाला, आणि अख्ख्या बिल्डिंगनं ऐकला. वरच्या मजल्यावरची खिडकी उघडल्याचा आवाज आला.

"सुमन, निघाला. सोड आता."

मी हातात कप धरून तशीच उभी होते. माझा काही उपास नव्हता. पण ते म्हणाले तेव्हाच मी पहिला घोट घेतला.